उबुंटू 22.04 वरून 24.04 : अपग्रेडला हात घालण्याआधी

बेळगाव-खानापूर पट्ट्यात पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये पॅकेजं (प्रोग्रॅमचे गठ्ठे) बसवणारं डीपीकेजी मधेच बंद पडलं की ती उघडलेली पण न बसलेली अशी अडकून राहतात. तेव्हा मशीन आधी इन्व्हर्टरवर घ्या. 10-15 मिनिटांच्या यूपीएसच्या भरवशावर तास-दीड तासाचं काम काढू नका. होम (तुमच्या फाइली) आणि ‘/ईटीसी’ (सिस्टिमच्या सेटिंग्ज) बाहेरच्या डिस्कवर उतरवा. पोस्टग्रेस डेटाबेस असेल तर पीजी-डंपऑलने त्याचीही प्रत काढा. रूटवर (सिस्टिमच्या मुख्य विभागावर) 10 जीबी, आणि ‘/बूट’ (कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, जिथे असतो तो विभाग) वेगळं असेल तर त्यात 500 एमबी तरी मोकळे हवेत. जुनी कर्नल्स ‘ॲप्ट ऑटोरिमूव्ह’ने जातात.

आता खरं दुखणं. पॅकेजांचं आपसातलं भांडण बहुतेक वेळा बाहेरून आणलेल्या पॅकेजांमुळेच होतं. ‘ॲप्ट-मार्क शोहोल्ड’ने रोखून धरलेली पॅकेजं दिसतील, ती मोकळी करा. अपग्रेडर पीपीए (उबुंटूबाहेरच्या लोकांनी चालवलेले पॅकेजांचे साठे) बंद करतो, पण तिथून आलेली पॅकेजं तशीच राहतात. पीपीए चालू असतानाच पीपीए-पर्ज चालवलं, तर ती उबुंटूच्या आवृत्तीवर परत येतात. 24.04 मध्ये कित्येक लायब्ररींच्या (अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात त्या पॅकेजांच्या) नावाच्या शेवटी ‘टी64’ लागलं आहे. एखादा प्रिंटर ड्रायव्हर जुन्या लायब्ररीची नेमकी तीच आवृत्ती मागत असेल, तर नवी बसत नाही. असा ड्रायव्हर आधी काढा, त्याची डेब (पॅकेजची) फाइल जपून ठेवा.

डीटीपीच्या दुकानात जुनं कन्नड-मराठी टायपिंग वाइनवर (विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) चालत असेल, तर 32-बिट पॅकेजंही असणार. एकाच लायब्ररीची 64-बिट आणि 32-बिट आवृत्ती तंतोतंत जुळावी लागते. पीपीएने फक्त 64-बिट पुढे नेली असेल, तर गाठ तिथेच पडते. वाइन काढून टाका, नंतर घाला, ‘.वाइन’ फोल्डरला मात्र हात लावू नका, टायपिंगचा प्रोग्रॅम त्यातच असतो.

पायथॉन3 ची लिंक कुणी दुसऱ्या आवृत्तीकडे वळवली असेल, तर ती 3.10 वर आणा. अपग्रेडर स्वतः पायथॉनवरच चालतो.

‘डू-रिलीज-अपग्रेड’ ही अपग्रेडची कमांड होकार मागेल तेव्हा ‘डी’ दाबा आणि काढल्या जाणाऱ्या पॅकेजांची यादी शेवटपर्यंत वाचा. उबुंटू-डेस्कटॉप, कप्स (छपाईचं) किंवा आयबस-एम17एन (मराठी-कन्नड टायपिंगचं) त्यात दिसलं तर ‘एन’ म्हणा. सोर्स यादी (पॅकेजं कुठून आणायची ती यादी) पूर्ववत होते. अपग्रेडरचा पॅकेजांचा हिशेबच जुळला नाही, तर ‘/वार/लॉग/डिस्ट-अपग्रेड’मधल्या ॲप्ट लॉगमध्ये ‘ब्रोकन’ शोधा. पहिली ओळ नीट बघा, खालच्या ओळी बहुधा तिच्याच पोटातून आलेल्या असतात.

काम झाल्यावर मराठी आणि कन्नड अशी एकेक ओळ टाइप करून छापून बघा. बाहेरचे सोर्स मग एकेक करून चालू करा, तेही ‘नोबल’साठी (24.04 चं टोपणनाव) पॅकेजं दिलेली असतील तरच.