प्लिनीचे पंचावन्न कोटी : ग्रीस-रोमचे संदर्भ शोधताना या चुका टाळा

कोकणातल्या जुन्या बंदरांवर मी एकदा निबंध लिहिला होता. त्यात ऐटीत एक वाक्य ठोकून दिलं होतं : भारत दरवर्षी रोमन साम्राज्यातून किमान ५५ कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो, असं पहिल्या शतकातला रोमन लेखक थोरला प्लिनी सांगतो. निबंध तपासणाऱ्या बाईंनी त्या आकड्याभोवती पेन्सिलीने गोल केला आणि शेजारी एवढंच लिहिलं, ‘कोणता प्लिनी?’

मला वाटलं, दोन प्लिनींपैकी थोरला की धाकटा असं विचारताहेत. थोरला तर मी लिहिलाच होता. त्या विचारत होत्या ते वेगळंच : कोणता अनुवाद, कोणती आवृत्ती?

आकडा मी मनचा घातला नव्हता. प्लिनीच्या ‘नॅचरल हिस्टरी’चा बोस्टॉक आणि रायली यांनी १८५५ ते १८५७ या काळात काढलेला इंग्रजी अनुवाद पर्सियस या संकेतस्थळावर फुकट वाचता येतो. त्यात ५५ कोटीच आहेत. पण लोएब या ग्रंथमालेतला रॅकहॅमचा १९४२चा अनुवाद उघडा, त्याच जागी ५ कोटी! मूळ लॅटिनमध्ये इथे रोमन आकडा आहे, आणि रोमन आकड्याच्या डोक्यावर नि दोन्ही बाजूंना रेघा मारल्या की त्याची किंमत लाखपट होते. आज मान्य असलेल्या पाठात, म्हणजे संपादकांनी ठरवलेल्या मूळ मजकुरात, ‘डी’ हे अक्षर, म्हणजे ५००, अशा रेघांच्या चौकटीत बसलंय. पाचशे गुणिले एक लाख, झाले पाच कोटी. (लाख-कोटीत मोजणाऱ्या आपल्यासारख्यांना हा हिशेब मिलियनवाल्यांपेक्षा सोपा जातो, तेवढंच समाधान.) हाताने नकला करता करता अशा रेघा आणि अक्षरं इकडची तिकडे होतात. जुन्या छापील आवृत्त्यांत जो पाठ होता, तो पुढच्या संपादकांनी बदलला. जुना अनुवाद मात्र होता तिथेच राहिला आणि इंटरनेटवर चढला.

खरी लाज पुढे आहे. हे पकडायला लॅटिन यायची गरज नव्हती. त्याच प्लिनीने बाराव्या खंडात पुन्हा हिशेब मांडलाय : भारत, चीन आणि अरबस्तान मिळून दरवर्षी १० कोटी सेस्टर्स नेतात. तिघांचे मिळून दहा आणि एकट्या भारताचे पंचावन्न? दुकानदारसुद्धा असं बिल घेणार नाही.

फुकट मिळालं म्हणजे तेच प्रमाण, असं समजणं

ग्रीक-रोमन साहित्याचे जे अनुवाद नेटवर मोकळे मिळतात, ते बहुतेक कॉपीराइट हक्काची मुदत संपल्यामुळे मोकळे झालेले असतात. म्हणजे वयाने म्हातारे. म्हणून ते टाकाऊ नाहीत. गोष्ट समजून घ्यायला, कोणत्या खंडात काय आहे याचा अंदाज घ्यायला मी आजही तेच उघडतो. पण आकडा, गावाचं नाव, माप, नाणं, पदनाम यांपैकी काही उचलायचं असेल तर नवी आवृत्ती शेजारी ठेवल्याशिवाय उचलू नका. विल्यम स्मिथने एकोणिसाव्या शतकात संपादित केलेले ग्रीक-रोमन कोश फुकट मिळतात म्हणून आजही सर्रास वापरले जातात, त्यांचंही तसंच. त्यांच्यानंतर किती उत्खननं झाली, किती शिलालेख आणि पपायरस (लव्हाळ्याच्या कागदावरचे लेख) सापडले!

कोणता नवा अनुवाद भरवशाचा, हे कळायला ब्रिन मॉर क्लासिकल रिव्ह्यू हे नेटवरचं पुस्तक-परीक्षणांचं नियतकालिक बघा. १९९० पासून चालू आहे आणि पूर्ण मोफत. पुस्तक विकत घ्यायच्या आधी त्याचं परीक्षण तिथे शोधायची सवय लावली तर पैसेही वाचतात.

लोएब मालेबद्दल एक सांगतो, कारण गोंधळ होतो. १९११ साली जेम्स लोएब यांनी उभी केलेली ही माला. डाव्या पानावर मूळ, उजव्या पानावर इंग्रजी. हिरवं वेष्टण ग्रीकसाठी, लाल लॅटिनसाठी. तिची डिजिटल आवृत्ती वर्गणीची आहे. पण मालेतले जुने खंड हक्कमुक्त झालेत आणि इंटरनेट आर्काइव्हवर मिळतात. मात्र त्यातल्या काही ग्रंथांची नंतर नव्याने भाषांतरं झालीत, म्हणजे एकाच मालेत, एकाच ग्रंथाचे जुने आणि नवे असे दोन खंड. ‘लोएबमध्ये आहे’ म्हणणं पुरत नाही. अनुवादक आणि साल सांगा.

पान क्रमांकावर विसंबणं

ग्रंथालयाच्या खिडकीवर ‘हिरोडोटसचं पान ४३७ हवंय’ असं सांगणारे लोक मी पाहिलेत. हिरोडोटस म्हणजे ग्रीक इतिहासकार, पण कुठल्या आवृत्तीतला? पेंग्विनचं पान लोएबमध्ये जुळत नाही, लोएबचं पर्सियसवर दिसत नाही. या विषयात पत्ता लिहायची रीत वेगळी आहे : खंड, मग प्रकरण, मग परिच्छेद. हिरोडोटस ७.६५ म्हटलं की जगातल्या कुठल्याही आवृत्तीत, कुठल्याही भाषेत तीच जागा निघते. इराणी सम्राट क्झर्क्सिसच्या सैन्यातले भारतीय सुती कपडे घालून आले होते, ती. प्लेटोला १५७८च्या स्टेफानसच्या आवृत्तीतले पान क्रमांक लावतात, ॲरिस्टॉटलला १८३१च्या बेकरच्या. समासात छापलेले ते बारीक आकडे आणि अक्षरं शोभेची नाहीत, तोच पत्ता आहे.

इथे प्लिनी पुन्हा आडवा येतो. त्याला दोन क्रमांक-पद्धती आहेत. जुन्या प्रकरणवार पद्धतीत आपली भारताची ओळ ६.२६ मध्ये येते, नव्या परिच्छेदवार पद्धतीत ती ६.१०१ होते. बाराव्या खंडातली दहा कोटींची ओळ तशीच १२.४१ आणि १२.८४. एखाद्या लेखातला संदर्भ उघडून भलतंच काही दिसलं, तर लेखकाला खोटं ठरवायच्या आधी दुसऱ्या पद्धतीने बघा. दहातल्या नऊ वेळा भांडण तिथेच मिटतं.

हरवलेला ग्रंथ ‘वाचणं’

स्पर्धा परीक्षांच्या वह्यांतून ‘मेगॅस्थेनिसने इंडिका या ग्रंथात लिहिले आहे’ हे वाक्य इतकं घासून निघालंय, की मूळ ग्रंथ आज अस्तित्वातच नाही हे कुणाच्या लक्षात येत नाही. डायोडोरस, स्ट्रेबो, एरियन अशा नंतरच्या लेखकांनी त्यातलं जे उतरवून घेतलं किंवा सांगितलं, तेवढंच उरलं. श्वानबेक या अभ्यासकाने ते तुकडे १८४६ मध्ये एकत्र केले आणि मॅक्रिंडलने १८७७ मध्ये त्यांचं इंग्रजी केलं. म्हणजे आपण वाचतो ते मेगॅस्थेनिस, त्याला वाचणारा स्ट्रेबो, त्यातून वेचणारा श्वानबेक आणि त्याला इंग्रजीत आणणारा मॅक्रिंडल. स्ट्रेबोला तर हा माणूसच विश्वासार्ह वाटत नव्हता, आणि तो तसं स्पष्ट म्हणतो! तुकडा उद्धृत करताना तो कुणाच्या तोंडून आलाय हे लिहिलं नाही, तर निम्मी माहिती गाळली असं धरा.

अलेक्झांडरचंही तेच. तो वारला ख्रिस्तपूर्व ३२३ मध्ये. त्याच्या स्वाऱ्यांबद्दल आपला सगळ्यात भरवशाचा मानला जाणारा लेखक एरियन, तो इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. मधे चारशेहून जास्त वर्षं. एरियन अलेक्झांडरच्या स्वारीत स्वतः असलेल्या टॉलेमी आणि ॲरिस्टोब्युलसच्या वृत्तांतांवर भिस्त ठेवतो, आणि ते दोन्ही आज गेलेत.

सॉक्रेटिसची सुवचनं तर सोडूनच द्या. त्याने स्वतः काही लिहून ठेवलेलं नाही. ‘आजकालची मुलं उद्धट झालीत’ हे त्याच्या नावावर फिरणारं वाक्य केनेथ फ्रीमन नावाच्या केंब्रिजच्या अभ्यासकाने १९०७ साली छापल्या गेलेल्या आपल्या प्रबंधात ग्रीकांच्या तक्रारींचं सार म्हणून लिहिलेल्या मजकुरातून आलंय. खंड-प्रकरणाचा पत्ता नसलेलं अवतरण दिसलं की हात आखडता घ्या. चॅटबॉटने पत्त्यासकट दिलेलं असेल तर तो पत्ता उघडून बघा. पत्ता असतो, घर नसतं.

एकाच स्पेलिंगने शोधणं

ग्रीक नावं इंग्रजीत दोन वाटांनी आली : एक थेट ग्रीकमधून, दुसरी लॅटिनमधून. त्यामुळे ‘के’चा ‘सी’ होतो, ‘ओएस’चा ‘यूएस’ होतो. केरामाइकॉस आणि सेरामिकस ही अथेन्समधली एकच जागा, सिकिऑन आणि सिसिऑन हे एकच शहर. एका स्पेलिंगने दहा लेख मिळाले म्हणून थांबलात, तर दुसऱ्या स्पेलिंगखालचे वीस कायमचे हुकले. जागा असेल तर प्लायाडीझ नावाची मोफत स्थळसूची आधी उघडा. एकाच ठिकाणाची वेगवेगळी नावं आणि नकाशावरची जागा एकत्र मिळते.

आपल्या किनाऱ्याबद्दल ग्रीकांनी काय लिहिलं हे शोधणाऱ्यांना तर हे फारच लागतं. ‘पेरिप्लस’ या जुन्या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत कल्याण शोधाल तर सापडणार नाही, तिथे ते कल्लिएना आहे. सोपारा सुप्पारा होतो, चौल सेमिल्ला, भडोच बारिगाझा, तेर तगारा. पैठणचं पैठाना म्हणून ओळखू येतं, एवढंच नशीब. या पुस्तिकेचा शॉफचा १९१२चा अनुवाद फुकट आहे, पण टिपांसाठी लायोनेल कॅसनची १९८९ची आवृत्ती मिळवा. बावन्नाव्या प्रकरणात कल्लिएनाला चुकून आलेली ग्रीक जहाजं पहाऱ्यात बारिगाझाला नेत, असा उल्लेख आहे. तो दोन्हीत वाचा, मग अनुवादक काय काय करतात ते कळतं.

मराठीत शोधून या विषयावर संशोधनाच्या दर्जाचं फारसं काही हाती लागत नाही. वाईट वाटतं, पण वेळ तिथे घालवू नका.

एका कपाटासमोर उभं राहणं

ड्युई वर्गीकरण (पुस्तकांना विषयवार आकडे देणारी पद्धत) असलेल्या ग्रंथालयात लोक सरळ ९३७ आणि ९३८ कडे जातात, कारण रोम आणि ग्रीसचा इतिहास तिथे. पण लॅटिन साहित्य ८७० मध्ये, ग्रीक साहित्य ८८० मध्ये, प्लेटो-ॲरिस्टॉटल १८० च्या घरात आणि देवदेवता २९२ ला. थ्युसिडिडीजसारखा ग्रीक इतिहासकार इतिहासात ठेवायचा की साहित्यात, हे प्रत्येक ग्रंथालय आपापल्या मर्जीने ठरवतं. ग्रंथपालाला विचारा, आणि ‘ग्रीसवर काही आहे का’ असं विचारू नका. नेमका लेखक, नेमका प्रश्न सांगा.

कुठल्या ग्रंथालयात जायचं, यातही चूक होते. पुण्यात भांडारकर संस्था म्हणजे सगळ्या प्राचीनाचं माहेर अशी समजूत आहे. पण तिचं बळ भारतविद्येत. रोमशी व्यापाराची भारतीय बाजू हवी असेल, म्हणजे उत्खननांचे अहवाल, तर डेक्कन कॉलेज. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीचं १९४५-४६ चं उत्खनन सांकलिया आणि दीक्षित यांनी केलं. ब्रह्मपुरीतच मिळालेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. अहवाल वाचा आणि मूर्तीही बघून या, गाडीभाडं वसूल होतं. जुन्या युरोपीय आवृत्त्यांसाठी मुंबईची एशियाटिक सोसायटी चाळावी. १८०४ साली ती स्थापन करणाऱ्या इंग्रजांची पिढी लॅटिन घोकतच मोठी झाली होती.

दार बंद दिसलं की परत फिरणं

हाथीट्रस्ट या डिजिटल ग्रंथालयात पुस्तक सापडतं, पण ‘फक्त शोध’ एवढंच दिसतं? हक्काचे नियम देशागणिक बदलतात, म्हणून अमेरिकेत उघडणारं पुस्तक इथे बंद असतं. तेच पुस्तक इंटरनेट आर्काइव्हवर बघा, बऱ्याचदा मिळतं. तिथे अडचण वेगळी : चार खंडांचा ग्रंथ चार वेळा एकाच नावाने चढवलेला आणि खंड क्रमांक कुठेच नाही. मुखपृष्ठ उघडून बघण्याला पर्याय नाही.

स्कॅन केलेल्या पुस्तकात शब्द शोधून मिळाला नाही, तर तो पुस्तकात नाही असं समजू नका. यंत्राने वाचलेल्या मजकुरात ग्रीक अक्षरांचा तर चुराडा होतोच, जुन्या इंग्रजी टायपाचाही होतो. पुस्तकाच्या शेवटी छापलेली सूची बघा. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी हाताने केलेली ती सूची शोधचौकटीपेक्षा जास्त प्रामाणिक असते.

पर्सियस उघडत नसलं तर घाबरू नका, दुसरी संकेतस्थळं आहेत. बिल थेयर यांचं लाकुस कर्टियस आहे, टोपोसटेक्स्ट आहे. शिलालेखांसाठी पॅकार्ड इन्स्टिट्यूटचा साठा, अथेन्सच्या शिलालेखांच्या इंग्रजी अनुवादांसाठी ॲटिक इन्स्क्रिप्शन्स ऑनलाइन, पपायरससाठी पपायरी डॉट इन्फो. सगळं मोफत.

लेखांचं म्हणाल तर जेस्टोर या शोधलेखांच्या साठ्यावर वैयक्तिक खातं उघडून महिन्याला १०० लेख ऑनलाइन वाचता येतात. हे माहीत नसल्यामुळे लोक पहिल्या पानाचा फोटो काढून समाधान मानतात. सरकारी विद्यापीठात असाल तर १ जानेवारी २०२५ पासून ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ ही केंद्र सरकारची योजना लागू आहे : ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज त्यात आहेत, आणि ‘जर्नल ऑफ रोमन स्टडीज’ केंब्रिजच छापतं. घरून लॉगिन कसं करायचं ते ग्रंथालयात एकदा विचारून घ्या. खासगी महाविद्यालयात असाल तर डेलनेट या ग्रंथालयांच्या जाळ्यामार्फत दुसऱ्या ग्रंथालयाचं पुस्तक मागवता येतं का ते बघा. काहीच जमलं नाही तर लेखकाला थेट दोन ओळींची ईमेल टाका. प्राध्यापक लोक आपले लेख वाचायला मागणाऱ्याला सहसा नाही म्हणत नाहीत.

निबंध मी दुरुस्त करून दिला. ‘५ कोटी; प्लिनी ६.१०१, रॅकहॅम, १९४२’ असं नीट लिहून. बाईंनी पुन्हा गोल केला. शेजारी लिहिलं होतं, ‘मग आधीचे ५५ कुठून आले?’ त्याचं उत्तर देणारी तळटीप मूळ परिच्छेदापेक्षा लांब झाली. ती त्यांनी तशीच ठेवली.