गोचीड अंगावर एक, घरात शंभर

इंदुरात कुत्र्यांना सर्वाधिक छळते ती तपकिरी गोचीड, आणि ती घरातच वाढते. रक्त पिऊन तटतटलेली मादी गळून पडते, भिंत चढते आणि फटीत हजारोंनी अंडी घालते. त्यामुळे नुसतं कुत्र्याला औषध लावून भागत नाही. राजवाड्याजवळच्या जुन्या घरांत तुळयांच्या खाचा, फ्लॅटमध्ये कूलरमागची भिंत, दाराच्या चौकटी आणि कुत्र्याची गादी तपासा. डॉक्टरांनी सांगितलेली फवारणी कुत्र्याला बाहेर ठेवून करा, पूर्ण वाळल्यावरच त्याला आत घ्या. अंडी मागाहून फुटतात, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा फवारा. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन हे कीटकनाशक नकोच. मांजर दगावू शकतं.

रोज संध्याकाळी कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, पट्ट्याखाली, काखेत आणि जांघेत हात फिरवा. एर्लिकिया आणि बबेसिया हे गोचिडीतून पसरणारे रक्ताचे आजार. एर्लिकियाचे जंतू गोचीड चावल्यापासून काही तासांतच रक्तात उतरू शकतात. बबेसियाला साधारण दोन दिवस लागतात. बारीक टोकाच्या चिमट्याने गोचीड कातडीलगत धरा, सरळ आणि सावकाश ओढा. पिळू नका, बोटांनी चिरडू नका, स्पिरिटमध्ये टाका. रॉकेल, तेल किंवा काडीचा चटका देऊ नका, डिवचलेली गोचीड जखमेत लाळ सोडते.

गोचीड मारणाऱ्या खायच्या गोळ्या कुत्र्याच्या वजनाप्रमाणे मिळतात. गोचीड चावल्यावरच मरते, तेव्हा अंगावर एखादी दिसली म्हणून गोळी निकामी ठरत नाही. कुत्र्याला फिट येत असेल तर डॉक्टरांना आधी सांगा.

ताप १०२.५ फॅरनहाइटच्या वर, खाणं बंद, हिरड्या पांढऱ्या, पोटावर लाल ठिपके, नाकातून रक्त किंवा लघवी गडद दिसली, तर त्याच दिवशी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि रक्ताचा स्मिअर (काचेवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी) करा. घरातली पॅरासिटामॉल, आयब्रुफेन अजिबात देऊ नका. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक साधारण २८ दिवस चालतं. बबेसिया त्याने मरत नाही, त्याची औषधं वेगळी. म्हणून तपासणीआधी अंदाजाने गोळ्या सुरू करणं धोक्याचं. डॉक्सिसायक्लिन खाण्यासोबत द्या आणि वर पाणी पाजा, नाहीतर गोळी अन्ननलिकेत अडकून जखम करते. चार दिवसांत कुत्रा उड्या मारू लागतो आणि लोक कोर्स सोडतात. आजार मुरतो तो इथेच.

कोर्स संपल्यावर प्लेटलेट पुन्हा मोजा. अँटिबॉडीचं (जंतूंविरुद्ध शरीराने बनवलेल्या प्रथिनांचं) किट कुत्रा बरा झाल्यावरही कित्येक महिने पॉझिटिव्ह येतं. त्यावरून पुन्हा औषध सुरू करू नका.