सनस्क्रीन लावूनही चेहरा काळवंडतोय? या चुका टाळा

बेळगावात ऊन किती, हे लोक घामावरून ठरवतात. शहर साधारण ७५० मीटर उंचीवर, संध्याकाळी वारं सुटतं, म्हणून ‘आपल्याकडं कुठलं एवढं ऊन!’ आणि मृगाचा पाऊस पडला की ट्यूब कपाटात. पण त्वचा काळवंडते ती अतिनील किरणांनी. हवा गार असली तरी ती असतातच. सूर्य इथे वर्षातून दोनदा थेट डोक्यावर येतो: मेच्या पहिल्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास. दुसऱ्या वेळी खानापूरकडे झड लागलेली असते, म्हणून लक्षात येत नाही. ढग पातळ असले की बरीच किरणं खाली पोहोचतात.

सगळ्यात मोठी चूक मात्र कंजुषीची. डबीवरचा एसपीएफ, म्हणजे उन्हापासून किती संरक्षण मिळतं तो आकडा, मोजताना दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावलेलं असतं. आपण हरभऱ्याएवढं घेतो आणि चेहऱ्यासकट मानेवर पसरवतो. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत रेघ ओढा. चेहरा, कान, मान यांना तेवढं लागतं. एसपीएफ ३० सुमारे ९७ टक्के यूव्हीबी (त्वचा भाजणारी अतिनील) किरणं अडवतं, ५० सुमारे ९८. त्या एका टक्क्यासाठी महागडी ट्यूब घेऊन पुरवून पुरवून वापरण्यापेक्षा स्वस्तातली सढळ हाताने लावलेली बरी. फक्त ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’, म्हणजे यूव्हीबीसोबत यूव्हीए ही दुसरी अतिनील किरणंही अडवणारं, असं लिहिलेलं बघा.

स्कूटीवर तोंडाला स्कार्फ घट्ट, पण हँडलवरचे हात उघडे! शिवाय स्कार्फ आणि घाम पुसणारा रुमाल क्रीमही पुसून नेतात, म्हणून उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा लावा. निपाणीच्या तंबाखूत किंवा चिकोडीच्या उसात दिवसभर राबणाऱ्याला हे जमणार नाही, तिथे पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि रुंद काठाची टोपी जास्त कामाची. आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तो साडेबाराच्या सुमारास. अकरा ते तीन शक्यतो सावली धरा.

क्रीम चोळताना त्याचे पिळे (बारीक गोळे) पडत असतील तर आधीचं मॉइश्चरायझर सुकू द्या. चेहरा पांढरट दिसत असेल तर टिंटेड, म्हणजे त्वचेसारखा रंग मिसळलेलं, सनस्क्रीन घ्या. वांग असणाऱ्यांना त्यातलं रंग देणारं आयर्न ऑक्साइड उपयोगीही पडतं. आणि कुठलंही सनस्क्रीन झोंबत असेल, तर मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेलं ‘गोरं करणारं’ क्रीम तपासा. त्यात स्टेरॉइड असेल तर त्वचा पातळ होते. ते एकदम बंद न करता त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.