व्हर्च्युअल मशीन वापरताना कीबोर्ड कोणाच्या ताब्यात आहे? या चुका टाळा

माझी एक विद्यार्थिनी ऐरोलीहून ट्रान्स-हार्बर लोकलने ठाण्याला शिकवणीला येते. त्या दिवशी दोन तास बसून तिने शेल स्क्रिप्ट (कॉम्प्युटरला द्यायच्या आज्ञांची फाइल) लिहिली होती. लॅपटॉपवर विंडोज, त्यात व्हर्च्युअलबॉक्स (एका कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर, म्हणजेच व्हर्च्युअल मशीन, चालवणारं सॉफ्टवेअर) आणि आत उबुंटू ही लिनक्स सिस्टीम. एडिटर बंद करायला तिने ऑल्ट-एफ४ दाबलं. एडिटर तसाच राहिला आणि व्हर्च्युअलबॉक्सनेच विचारलं: स्थिती जतन करू, शटडाउनचा संदेश पाठवू की पॉवर ऑफ? घाईत पॉवर ऑफवर क्लिक झालं. स्क्रिप्ट सेव्ह केलेली नव्हती. तिचा तो पडलेला चेहरा मी विसरलेले नाही.

झालं असं की मघाशी तिचा उजव्या कंट्रोलला हात लागला होता. व्हर्च्युअलबॉक्समध्ये विंडोज आणि लिनक्सवर तीच 'होस्ट की' असते: एकदा दाबली की कीबोर्ड बाहेरच्या मशीनकडे, पुन्हा दाबली की आत. फसगत होते ती इथे, कारण साधी अक्षरं तरीही आत उमटत राहतात. ऑल्ट-टॅब, ऑल्ट-एफ४ अशी जोडबटणं मात्र बाहेरची सिस्टीम उचलते. म्हणून असं काही दाबण्याआधी खिडकीच्या उजव्या कोपऱ्यात, खाली होस्ट कीच्या नावाशेजारचा बाण बघायची सवय लावा.

कॉपी करायला उजवा कंट्रोल वापरू नका. होस्ट की आणि सी म्हणजे स्केल्ड मोड: मेनू गायब, खालची पट्टीही गायब. मुलं घाबरतात, मशीन बिघडलं म्हणतात. तीच दोन बटणं पुन्हा दाबा, सगळं जागेवर येतं.

२०२४ पासून आलेल्या बऱ्याच लॅपटॉपवर उजव्या कंट्रोलच्या जागी कोपायलटचं (मायक्रोसॉफ्टच्या एआय मदतनीसाचं) बटण असतं. मग होस्ट की बदलावीच लागते: फाइल, प्रेफरन्सेस, इनपुट, त्यात व्हर्च्युअल मशीनचा टॅब. डावा कंट्रोल निवडू नका, रोजचं कॉपी-पेस्ट अडेल. उजवा ऑल्टही नको. इंग्लिश (इंडिया) कीबोर्डवर ₹ त्यानेच येतं. मी एफ९ ठेवलंय.

कंट्रोल-ऑल्ट-डिलीट विंडोज कधीच आत जाऊ देत नाही. ते सुरक्षेसाठीच तसं केलेलं आहे, तेव्हा त्याच्याशी झगडू नका. त्याऐवजी व्हर्च्युअलबॉक्समध्ये होस्ट की आणि डिलीट दाबा; व्हीएमवेअर आणि हायपर-व्ही या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरपैकी व्हीएमवेअरमध्ये कंट्रोल-ऑल्ट-इन्सर्ट, हायपर-व्हीमध्ये कंट्रोल-ऑल्ट-एंड. व्हीएमवेअरमधून कीबोर्ड बाहेर आणायला नुसतं कंट्रोल-ऑल्ट पुरतं.

कधी आत काहीही टाइप केलं की मेनूच उघडत सुटतात. ऑल्ट-टॅबने बाहेर गेलात, तेव्हा ऑल्ट दाबल्याचं आतल्या सिस्टीमला कळलं, सोडल्याचं कळलं नाही. आत क्लिक करून दोन्ही ऑल्ट एकेकदा दाबून सोडा. रीस्टार्टची गरज नाही.

आता आपल्या मराठी टाइप करणाऱ्यांची अडचण. नौपाड्यातल्या एका काकांचा पासवर्ड उबुंटूच्या लॉगिनवर सारखा चुकत होता. बाहेर टास्कबारवर तर इंग्लिश दिसत होतं! पण कीबोर्डवरून आत अक्षर जात नाही, कुठली की दाबली एवढंच जातं. तिचं अक्षर आतली सिस्टीम ठरवते. काकांनी आदल्या रात्री आत मराठी इनस्क्रिप्ट (देवनागरी कीबोर्डची मांडणी) लावून ठेवलं होतं, त्यामुळे एच दाबला की प, जे दाबला की र. पासवर्डच्या चौकटीत दिसतात नुसते ठिपके, त्यामुळे कळणार कसं? विंडोज-स्पेसने भाषा बदलतानाही हाच घोळ होतो: कीबोर्ड बाहेर असेल तर बाहेरचीच भाषा बदलते आणि आत मराठी तशीच राहते. काकांना मी चौकटीतल्या डोळ्याच्या चिन्हावर क्लिक करायला सांगितलं. देवनागरी दिसली. होस्ट की दाबून कीबोर्ड आत घेतला, विंडोज-स्पेस केलं, आणि पासवर्ड पहिल्याच फटक्यात लागला.