फोर्ड मॉडेल ए पिकअप : आधी रेडिएटर, मग बॉनेट

मॉडेल ए पिकअपचं बॉनेट पुढे रेडिएटरच्या कवचावर आणि मागे काऊलवर, म्हणजे केबिनच्या पुढच्या पत्र्यावर, नुसतं टेकलेलं असतं. त्यामुळे फट वाकडी दिसली तर दोष बहुतेक वेळा बॉनेटमध्ये नसतोच. तो चॅसिसमध्ये, केबिनच्या बैठकीत नाहीतर रेडिएटरच्या कलात असतो. अशा वेळी डेंटरने बॉनेटच्या कडा ठोकायला घेतल्या, तर चांगला मूळ पत्रा हकनाक बिघडतो.

भाग एकाच काळातले आहेत ना, हे सर्वांत आधी पाहा. १९२८-२९ आणि १९३०-३१ या मॉडेलांची बॉनेटं व रेडिएटरची कवचं वेगळी आहेत. जोडगोळी चुकली असेल तर कितीही शिम (उंची जुळवायच्या पातळ चकत्या) घाला, फट जुळणार नाही.

जुळवणी गाडी चाकांवर, सपाट फरशीवर उभी करून करायची. टायरमध्ये सारखी हवा हवी, इंजिन बसवलेलं हवं आणि रेडिएटरमध्ये पाणी हवं. हे पाणी साधारण ११ लिटर असतं आणि त्याचं वजन पुढच्या आडपट्टीवर येतं. जॅकवर उचललेल्या चॅसिसला किंचित पीळ पडतो. तिथे सुबक जुळलेली फट गाडी खाली उतरवताच बदलते. काम सुरू करताना बॅटरी सोडवा. मूळ रचनेत ती ६ व्होल्टची असून तिचं धन टोक अर्थला असतं, हे परत जोडताना विसरू नका.

चॅसिसची दोन्ही कर्णमापं घ्या. ३ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर पुढे जाऊ नका, आधी चॅसिस सरळ करून घ्या. पुढच्या आडपट्टीवर सरळ पट्टी ठेवून ती खचली किंवा पसरली आहे का तेही पाहा. मग केबिन: पॅड घालून बोल्ट आवळा आणि दरवाजे नीट लागेपर्यंत शिम बदला. दरवाजे जुळले की केबिनला शक्यतो पुन्हा हात लावायचा नाही. यापुढची सगळी मापं काऊलवरूनच घ्यायची आहेत.

आता रेडिएटर. तो आडपट्टीवर पॅडवर बसतो आणि त्याच्या बोल्टना स्प्रिंग असतात. कॅसल नट (खाचा असलेला नट) स्प्रिंग थोडी दबेपर्यंतच आवळा आणि तो सैल होऊ नये म्हणून खाचेतून कॉटर पिन घाला. स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना भिडेपर्यंत नट पिळला, तर रस्त्यावर चॅसिसला पडणारा प्रत्येक पीळ थेट रेडिएटरच्या डागकामावर जातो आणि काही काळाने कडेने पाणी झिरपू लागतं. स्प्रिंगऐवजी कुणी साधे वॉशर लावले असतील तर ते काढून स्प्रिंगच लावा.

बॉनेट ठेवण्याआधी काऊलवर आणि कवचावर सुती पट्टी, म्हणजे लेसिंग, लावा. नाहीतर तेवढ्याच जाडीची दुसरी पट्टी तात्पुरती चिकटवा. पट्टीशिवाय केलेली जुळवणी शेवटी अडचणीची ठरते, कारण पट्टी आणि रंगाचे थर मिळून बॉनेट वर उचललं जातं.

आता काऊलकडची फट दोन्ही बाजूंना वर, मध्ये आणि खाली मोजा. ३ ते ५ मिमी आणि सगळीकडे सारखी असेल तर उत्तम. नसेल तर पुढचं पाहा.

वर फट कमी, खाली जास्त, आणि दोन्ही बाजूंना तसंच: रेडिएटर मागे कलला आहे. काऊलकडून रेडिएटरकडे जाणाऱ्या दोन्ही स्टे रॉडची लांबी सारखीच वाढवा. नट एका वेळी अर्धा फेराच फिरवा.

एकाच बाजूला फरक: त्याच बाजूचा रॉड जुळवा. दुसऱ्या बाजूचं माप मात्र प्रत्येक वेळी पुन्हा घ्या.

एक कोपरा उठलेला: इथे बहुतेकांची चूक होते. मागचा डावा कोपरा वर असेल तर त्यालाच दाबत बसू नका. बॉनेट पुढचा डावा आणि मागचा उजवा या दोन कोपऱ्यांवर डुलत असतं. म्हणून तिरक्या समोरच्या बाजूला, म्हणजे रेडिएटरच्या उजव्या बोल्टखाली १ मिमीचा शिम घाला. डावा कोपरा आपोआप खाली येतो. शिम घातल्यावर स्टे रॉड पुन्हा तपासा, कारण उंची बदलली की कलही बदलतो.

फट सगळीकडे सारखीच, पण जास्त किंवा कमी: ही रॉडची गोष्ट नाही. केबिनच पुढे-मागे बसली आहे. तिचे बोल्ट सैल करून ती सरकवावी लागेल, आणि दरवाजेही पुन्हा पाहावे लागतील.

बॉनेट जुळल्यावर पंखा पाहा. रेडिएटर थोडा मागे आला असेल तर पातं जाळीला लागण्याची भीती असते. वॉटर पंपचा शाफ्ट जुना असेल तर पंखा हाताने पुढे ओढूनच अंतर मोजा. तेव्हाही किमान १२ मिमी मोकळं राहायला हवं. शाफ्ट पुढे-मागे खेळत असेल तर पंपाचं काम आधी करा. मूळ दोन पात्यांच्या पंख्यात बुडाशी बारीक चीर दिसली तर तो पुन्हा लावू नका. चालत्या इंजिनावर पातं तुटलं तर रेडिएटर आणि बॉनेट दोन्ही फाटतात, आणि शेजारी माणूस उभा असेल तर त्याच्या जिवावर बेततं.

रेडिएटरचा वरचा होज, म्हणजे रबरी नळी, बसवताना तो ताणावा लागत असेल तर इंजिनचा पुढचा आधार खचला आहे का बघा. होज ओढून बसवला तर तो रेडिएटरला सतत ओढत राहतो.

बॉनेटचे लॅच सर्वांत शेवटी. त्यांचं काम बॉनेट धरून ठेवण्याचं. लॅच लावताना कडा खाली ओढली जात असेल तर जुळवणी अपुरी आहे. रंगाआधी ४०-५० किमी गाडी चालवा, खराब रस्त्यावरही न्या. पॅड आणि लेसिंग बसतात, नट थोडे सैल होतात. मग मापं परत घ्या, स्टे रॉडचे नट पक्के करा आणि प्रत्येक शिमवर त्याची जागा खिळ्याने कोरून ठेवा, म्हणजे रंगानंतर तो आपल्या जागी परत जाईल.