म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे आणि मुतखडा: दोन्ही एकत्र कसे सांभाळावेत

मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा 45 च्या आसपास गेला की दहा वर्षांचा लॅब्रॅडॉर ओसरीवरून हलत नाही. आपण म्हणतो, ऊन बाधलं. पण कितीदा तरी दुखणं खुब्यात असतं. उठताना कळ येते म्हणून तो पाण्याकडे जात नाही आणि लघवीही तुंबवून धरतो. अशा दाट, साचलेल्या लघवीत क्षार जमतात, जंतू वाढतात. सांधेदुखी स्वतः खडा करत नाही, पण तिच्यामुळे लागलेल्या सवयी करतात. कुत्र्यांत खडे बहुतेक मूत्राशयातच सापडतात.

पाणी आधी बघा. किलोमागे दिवसाला साधारण 50 ते 60 मिली, म्हणजे 20 किलोच्या कुत्र्याला लिटरभर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. एक भांडं झोपायच्या जागी, दुसरं दाराशी. मान वाकवायला दुखत असेल तर दोन विटांवर ठेवा. भाकरी पाण्यात पातळ कालवा. शेवभाजीचा रस्सा मात्र नको, त्यातला कांदा-लसूण कुत्र्याला विषारीच. बोअरच्या खाऱ्या पाण्याला सगळे नावं ठेवतात. मला वाटतं, पाणी कुठलं यापेक्षा पोटात किती गेलं ते मोजावं.

मग त्याला दिवसातून चार-पाच वेळा बाहेर न्या, उन्हाआधी आणि ऊन उतरल्यावर. फरशीवर पाय घसरतात, तिथे गोणपाट अंथरा. मागचे पाय साथ देत नसतील तर पोटाखालून टॉवेल घालून आधार द्या.

आता खरी गफलत होते ती इथे. नराने तंगडी वर करायचं सोडलं, पाठ कमानीसारखी धरली, तर ते खुब्याचं दुखणं असू शकतं आणि खड्याचंही. लघवीला बसल्यावर मोबाइलवर व्हिडिओ काढा. डॉक्टरांना तुमच्या वर्णनापेक्षा तो जास्त सांगतो. थेंबथेंब, रक्ताची झाक, सारखं चाटणं असेल तर त्याच दिवशी दवाखाना. नर जोर करतोय आणि काहीच येत नाही, तर सकाळची वाट पाहू नका. खडा मूत्रमार्गात अडकला की रक्तात पोटॅशियम चढतं, त्याने हृदय बंद पडू शकतं.

लघवीचा नमुना लांब दांड्याच्या पळीने स्वच्छ डबीत धरा आणि शक्यतो अर्ध्या तासात तपासणीला द्या. थंड झालेल्या लघवीत नवे स्फटिक धरतात आणि निदान फसतं. डाल्मेशियन जातीच्या कुत्र्यांत युरेटचे (युरिक ॲसिडच्या क्षाराचे) खडे होतात, ते साध्या एक्स-रेत अनेकदा दिसतच नाहीत. तिथे सोनोग्राफी लागते.

घरातली माणसांची पेनकिलर देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक कुत्र्याची किडनी बिघडवतात, आतड्यात व्रण करतात. डॉक्टरांनी लिहिलेली सांध्याची गोळीसुद्धा पाणी कमी पडलं तर किडनीला बाधते. 'हाडं मजबूत होतील' म्हणून कॅल्शियम किंवा व्हिटॅमिन डी मनाने सुरू करू नका. लघवीत कॅल्शियम वाढतं. वजन कमी झालं तर सांध्यांवरचा भार उतरतो आणि तो आपणहून उठायला लागतो.

ऑपरेशन करून खडा काढला तर तो डबीत ठेवून तपासायला पाठवा. स्ट्रुव्हाइट प्रकारचा खडा बहुतेकदा जंतुसंसर्गाने होतो, अँटिबायोटिक आणि खास आहाराने विरघळतो. कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा विरघळत नाही, आणि काढल्यावरही अनेकदा पुन्हा होतो.