वाळवंटी अमिराशी खलनायकांचा सौदा: हा प्रसंग कसा रचावा

अवशेषाच्या मागावर निघालेली टोळी अमिराच्या तंबूत शिरते, पेटी उघडते, सोनं चमकतं, अमीर मिशीत हसतो आणि पुढच्या पानावर नकाशा खलनायकाच्या हातात असतो. साहसकथांच्या हस्तलिखितांत हा प्रसंग बहुधा असाच दोन पानांत उरकलेला दिसतो. तो फसतो, कारण लेखकाने अमिराला चुकीची गोष्ट विकायला लावलेली असते. अमिराकडे वस्तू नसते. ती कुठे आहे हे त्याला ठाऊक असेल किंवा नसेलही. त्याच्याकडे असते वाट: विहिरी, वाटाडे आणि ‘याला हात लावायचा नाही’ हा शब्द. सौदा या तीन गोष्टींवर लिहा.

आधी काळ आणि जागा पक्की करा. ‘अरबस्तानातलं एक वाळवंट’ एवढ्यावर प्रसंग उभा राहत नाही. १८७० ते १८९० या काळातलं उत्तर नज्द (मध्य अरबस्तानाचा उत्तरेकडचा मुलूख) हे कथेसाठी अतिशय सोयीचं क्षेत्र आहे. हाईल शहर जबल अजा आणि जबल सलमा या डोंगरांच्या मुलखात वसलेलं आहे, त्याच्या उत्तरेला नफूदची तांबूस वाळू पसरते, आणि १८९७ पर्यंत तिथे मुहम्मद इब्न रशीद हा अमीर राज्य करत होता. सत्तेसाठी त्याने स्वतःच्या पुतण्याला ठार केलं होतं. नावापुरता तो उस्मानी (ऑटोमन तुर्की) सुलतानाचा मांडलिक, प्रत्यक्षात आपल्या मुलखाचा धनी. पश्चिमेला तैमाचं ओॲसिस. बाबिलोनचा राजा नबोनिदस इसवी सनपूर्व सहाव्या शतकात राजधानी सोडून सुमारे दहा वर्षं तिथे राहिला होता. काल्पनिक अवशेषाला याहून चांगलं मूळ शोधून सापडणार नाही.

वर्षाकडे मात्र लक्ष द्या. १८७४ च्या उस्मानी कायद्याप्रमाणे सापडलेल्या पुरावस्तूचे तीन वाटे होत: शोधणाऱ्याचा, जमीनमालकाचा आणि सरकारचा. १८८४ च्या कायद्याने सगळंच सरकारचं झालं आणि निर्यातीवर बंदी आली. म्हणजे कथा १८८० ची असेल तर खलनायक ‘कायदेशीर वाटा’ पुढे करू शकतो. ती १८८६ ची असेल तर तो जे मागतो ते चोरीच आहे, आणि हे अमिरालाही माहीत आहे. मदिनेच्या पाशाला, म्हणजे उस्मानी अधिकाऱ्याला, कळलं तर काय, ही भीती मग सौद्यात आपोआप येते.

खऱ्या इतिहासात या प्रसंगाचे दोन उत्तम नमुने आहेत. शार्ल ह्युबर हा फ्रेंच प्रवासी आणि स्ट्रासबुर्गचा विद्वान युलियुस ऑयटिंग १८८३-८४ मध्ये हाईलला इब्न रशीदचे पाहुणे होते. तिथून पुढे तैमाची आरमाईक कोरीव शिळा हाती लागली. ती कोणी मिळवली यावर फ्रेंच आणि जर्मन पक्षांत वाद पेटला. जुलै १८८४ मध्ये जेद्दाहून पुन्हा आत निघालेल्या ह्युबरला त्याच्याच वाटाड्यांनी मारलं. शिळा पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात पोहोचली. दुसरा नमुना मेशाच्या शिळेचा, म्हणजे मोआबचा प्राचीन राजा मेशा याच्या कोरीव लेखाचा. १८६८ मध्ये मृत समुद्राच्या पूर्वेला दीबान इथे क्लाइन नावाच्या मिशनऱ्याने ती पाहिली. ती बनी हमीदा टोळीच्या मुलखात होती. प्रशियाने मागणी घातली, मग फ्रेंच उतरले, मग उस्मानी अधिकाऱ्याने दबाव आणला. टोळीने शिळा तापवली, वर गार पाणी ओतलं आणि ती फोडली. गिऱ्हाइकं वाढली की किंमत वाढते, पण गिऱ्हाइकांमागे सरकार आलं की वस्तूच उरत नाही. तुमच्या अमिराला ही गोष्ट ऐकून माहीत असू द्या. एका वाक्यात तो ती खलनायकाला सुनावू शकतो.

आता अमिराच्या बाजूचा हिशेब. हाईल ते तैमा सरळ रेषेत ३०० किलोमीटरांहून थोडं जास्त. लादलेला तांडा दिवसाला ३० ते ४० किलोमीटर चालतो, म्हणजे वळसे धरून दहा-बारा दिवस. उन्हाळ्यात चालणाऱ्या माणसाला रोज किमान ५ लिटर पाणी लागतं. आठ माणसं आणि दोन विहिरींमध्ये चार दिवस, म्हणजे १६० लिटर. बकरीच्या कातड्याच्या पखाली पाझरतात, म्हणून पाचवा हिस्सा जास्त धरायचा. दूरच्या वाटेवर उंट १५० ते २०० किलो वाहतो. एक उंट फक्त माणसांच्या पाण्यासाठी गेला. उंटांना स्वतःला उन्हाळ्यात, ओझ्याखाली, तीन-चार दिवसांनी पाणी हवंच. हिवाळ्यात हिरवा चारा मिळाला तर तेच उंट कित्येक दिवस पाण्याशिवाय काढतात. म्हणून खलनायक घाईत असेल तर प्रसंग उन्हाळ्यात ठेवा. त्याची घाई हेच अमिराचं भांडवल. (मदारीत पाणी नसतं, चरबी असते. ही चूक अजूनही छापून येते.)

विहिरीइतकाच महत्त्वाचा रफीक. प्रत्येक टोळीच्या मुलखातून जाताना त्या टोळीचा एक माणूस सोबत लागतो. तो लढायला नसतो, त्याच्या असण्यानेच तांड्याला अभय मिळतं. त्याच्या मुलखाची हद्द संपली की त्याचा शब्दही संपतो आणि पुढच्या टोळीचा रफीक घ्यावा लागतो. दुबळ्या टोळ्या आणि गावं बलवान टोळीला खुव्वा नावाची खंडणी देतात, ती याच अभयासाठी. अमीर आपल्या मोहोरेचं पत्र टोळीप्रमुखांना देऊ शकतो, पण पत्राचं वजन त्याच्या तलवारीची धार जिथवर पोहोचते तिथवरच. सौद्यातली खरी घासाघीस ‘किती रफीक, कुठवर, आणि परतीलाही का?’ यावर करा. परतीचा प्रश्न बहुतेक लेखक विसरतात. खलनायकाने विसरला तर चालेल; लेखकाने विसरायचा नाही.

मोबदला ठरवताना वजन करा. अरबस्तानात चालणारं मोठं चांदीचं नाणं म्हणजे मारिया तेरेझाचा थेलर, तिथे रियाल म्हणून चालणारा. त्याच्यावर कायम १७८० हेच साल असतं आणि वजन २८.०७ ग्रॅम. पाच हजार थेलर म्हणजे १४० किलो: एका उंटाचा जवळजवळ पूर्ण बोजा. ‘पन्नास हजार नाणी’ लिहिलीत तर दहा उंट आणि ते राखायला माणसं लिहावी लागतील. इंग्रजी सोन्याचं सॉव्हरिन ८ ग्रॅमचं. हजार नाणी आठ किलोत बसतात. खोगिराच्या पिशवीत लपवायचं असेल तर सोनंच. बंदुकांचं गणित वेगळं. त्या काळची मार्टिनी-हेन्री सुमारे ४ किलोची, तिच्या हजार काडतुसांचं वजन ५० किलोच्या आसपास. हुशार खलनायक बंदुका आज देतो आणि काडतुसं थोडी थोडी. हुशार अमीर हे ओळखतो आणि बंदुका नाकारून काडतुसांचाच साठा मागतो. एवढ्या एका मागणीने वाचकाला कळतं की समोर बसलेला माणूस लोभी नाही, राज्यकर्ता आहे.

टोळीला वेष हवा असेल तर मुंबईचा आधार घ्या. नज्दचे घोडे कुवेत आणि बसरामार्गे मुंबईच्या अरब तबेल्यांत विकायला येत, आणि हाईलच्या अमिरांचा त्या व्यापारात हात होता. तेव्हा घोडे खरेदीला आलेला मुंबईचा व्यापारी आणि त्याचा ‘मुनीम’ हाईलमध्ये कुणाला खटकत नाहीत. मुनिमाला घोड्याचे दात पाहता येत नाहीत, हे मात्र तबेल्याचा माणूस पहिल्या दिवशीच ओळखेल. त्यांचं बिंग तिथून फोडता येतं.

प्रत्यक्ष प्रसंग मजलिसीत घडवा. अमीर रोज उघड दरबार भरवतो, तिथे कुणीही बदू (भटक्या टोळीतला अरब) येऊन त्याला नुसत्या नावाने हाक मारतो. खलनायक वाकून सलाम करतो आणि शेजारचा मेंढपाळ करत नाही, एवढ्याने परका कोण ते दिसतं. पाहुण्याला पहिले तीन दिवस ‘कशाला आलात?’ विचारायचं नाही, हा रिवाज. घाईतल्या खलनायकाला हे तीन दिवस काढायला लावा. ते दोन ओळींत सांगून टाकू नका, तिसऱ्या दिवशी त्याचा साथीदार चुकतो असं काही घडवा.

मग कॉफी. वेलदोडा घातलेली, फिकट, बिनसाखरेची. वाढणारा डाव्या हातात दल्ला (कॉफीची चोचीची किटली) धरतो, उजव्या हाताने पेला देतो. पेल्यात कॉफी तळापुरतीच ओततात. काठोकाठ भरलेला पेला अपमान समजला जाईल. पुरे झालं की पेला हलवायचा. आणि या प्रसंगातलं सगळ्यात धारदार हत्यार: काही मागायचं असेल तर पाहुणा पेला न पिता समोर ठेवतो. यजमानाने ‘तुझं काम झालं समज, कॉफी घे’ म्हटलं तरच तो पितो. भरल्या मजलिसीत न पिता ठेवलेला पेला यजमानाच्या अब्रूवर येतो. खलनायकाला हा रिवाज माहीत असू द्या. तो शिष्टाचाराचाच फास करतो, आणि म्हणून तो तलवार उपसणाऱ्यापेक्षा जास्त भीतिदायक वाटतो.

संवाद असा चालवता येईल (खलनायक दुभाष्यामार्फत बोलतो, पहिलं वाक्य त्याचं):

‘दीर्घायू व्हा. पेला थंड होईल, पण मला घाई नाही.’

‘पाहुण्याने मागावं. माझ्या हातात असेल तर मिळेल.’

‘तैमापर्यंत वाट. आणि तिथे सात दिवस, कुणी काही विचारू नये.’

‘सात दिवस न विचारण्याची किंमत वाटेपेक्षा जास्त आहे.’

‘चाळीस बंदुका आणल्या आहेत.’

‘काडतुसं?’

दुभाषा क्षणभर थांबला. ‘काडतुसं मागाहून येतील, म्हणतात.’

‘मग वाटही मागाहून येईल. कॉफी घ्या, ती आजची आहे.’

इथे अमिराने नकार दिलेला नाही, होकारही नाही, आणि पेल्याचा फास सोडवून घेतला आहे. दुभाषा थांबतो ती जागा कापू नका. दुभाषा हा या सौद्यातला तिसरा पक्ष असतो: दोन्हीकडचे शब्द त्याच्याकडून जातात, त्यामुळे धमकी मऊ करणं किंवा रक्कम फुगवणं त्याच्या हातात आहे. खलनायकांत एकाला अरबी थोडी कळते, पण त्याने ते लपवलंय, अशी मांडणी केली तर हाच संवाद दुसऱ्यांदा वाचताना वेगळा लागतो.

खलनायक तीनच ठेवा: पैसा असलेला, लिपी वाचता येणारा आणि बंदूक चालवणारा. अमीर त्यांच्यातली फट शोधतो. सोपी युक्ती म्हणजे त्याने विद्वानाला एकट्याला बोलावून शिलालेखाचा ठसा दाखवावा. ठसा कसा घेतात हेही नीट लिहा: ओला जाड कागद दगडावर बसवायचा, ब्रशने ठोकून अक्षरांत घुसवायचा, वाळू द्यायचा, मग सोलायचा. मेशाच्या शिळेचा ठसा भांडणाच्या गडबडीत ओला असतानाच ओढून काढावा लागला आणि फाटला. तरीही फुटलेला मजकूर जुळवताना तोच कामी आला. तुमच्या कथेत ठसा अमिराकडे आणि मूळ दगड वाळवंटात असेल, तर दोघांनाही एकमेकांची गरज उरते.

प्रसंग लटका पडण्याची नेहमीची कारणं थोडी आहेत. अमीर अवशेषाचा इतिहास पाठ म्हणतो, हे पहिलं. ते काम विद्वानाचं, आणि तेही चुका करत. दुसरं, अमीर मूर्ख किंवा क्रूर दाखवला की खलनायकाच्या चातुर्याला किंमत राहत नाही. तिसरं, पाहुण्याला भोजनानंतर तिथल्या तिथे कापून टाकणं. यजमानाचं अन्न पोटात असेपर्यंत, परंपरेने तीन दिवस, त्याला अभय असतं. मारायचंच असेल तर चौथा दिवस आणि हद्दीबाहेरची जागा निवडा.

शेवटी दगडाचं ओझं. तैमाची शिळा सुमारे ११० सेंटिमीटर उंच, ४३ रुंद, १२ जाड; म्हणजे अंदाजे १३० किलो. उंटाचा बोजा दोन्ही कुशींना सारखा टांगतात. अख्खी शिळा एका बाजूला टांगली तर खोगीर फिरतं, दुसरीकडे तेवढंच वजन बांधलं तर २६० किलो होतात आणि उंट बसतो. ती खोगिरावर आडवी, गाद्यांवर बांधावी लागते. रोज उतरवायला चार माणसं आणि चढवायला बसलेला, न भडकणारा उंट लागतो. म्हणून सौद्यात खलनायकाने ‘एक म्हातारी, शांत सांडणी’ मागितली तर मुरलेला अमीर काही न विचारता समजतो की हे लोक वाचायला चाललेले नाहीत, उचलायला चाललेत. तो सांडणी देईल, चार माणसंही देईल, आणि परतीच्या रफीकचा विषय स्वतःहून काढणार नाही.